माळ्यावरची पेटी

आजकाल पुष्कळ घरांच्या माळ्यावर, जुन्या रजया आणि गणपतीच्या मखराच्या शेजारी, एक बंद पडलेला लॅपटॉप असतो. तो कुणी टाकून देत नाही, कारण एके काळी त्याला चाळीस-पन्नास हजार मोजलेले असतात. कुणी दुरुस्तही करत नाही, कारण दुकानदार सांगतो, "काका, यात पैसे घालू नका, नवीन घ्या." मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या गाडीवर जातो. किलोवर वजन होतं, शंभर-दोनशे रुपये हातात पडतात आणि माळा मोकळा होतो.

त्या वजनात काय काय गेलं, हे मात्र काट्यावर दिसत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळं यंत्राची गोष्ट मी सांगेन ती दुरुस्ती करणाऱ्या पोराच्या शेजारी स्टुलावर बसून पाहिलेली, त्याला दहा प्रश्न विचारून समजून घेतलेली अशी आहे.

पहिली गोष्ट ही की, लॅपटॉप बंद पडणं आणि त्यातलं लिहिलेलं नष्ट होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. आपण त्यांना एकच समजतो. पडदा काळा झाला की आपल्याला वाटतं, सगळं गेलं. वास्तविक लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा जळतो तो मदरबोर्ड, मरते ती बॅटरी, जातो तो पडदा. लिहिलेलं या तिघांपैकी कुठंच नसतं. ते असतं हार्ड डिस्कमध्ये. ही हार्ड डिस्क म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी एक बंद धातूची डबी. तिच्या आत आरशासारख्या चकचकीत चकत्या असतात. जुन्या लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ४२०० किंवा ५४०० फेरे घेत. त्यांच्यावरून वाचणारी सुई फिरते, पण ती चकतीला टेकत नाही. आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसेल एवढ्या अंतरावर तरंगते. घर पडलं तरी तिजोरी शाबूत राहावी, तसं या डबीचं असतं. तिला फक्त वीज हवी आणि तिचं म्हणणं ऐकणारा दुसरा संगणक हवा.

हे सगळं मला का कळून घ्यावं लागलं, ते सांगतो.

सांगलीच्या गावभागात आमचे एक ज्येष्ठ स्नेही राहत. शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. १९९८पासून पुढं चौदा वर्षं त्यांनी एक दिवाळी अंक काढला. मोठ्या नावांच्या मागं ते कधी धावले नाहीत. बेदाण्याच्या शेडवर काम करणारी मुलगी, एस.टी.चा वाहक, मिरजेत सतार बनवणारा कारागीर, अशांचं लिखाण ते मागून आणत. माझ्या सुरुवातीच्या कविता त्यांनीच छापल्या. २००५ साली त्यांनी हप्त्यावर लॅपटॉप घेतला आणि पन्नाशी उलटल्यावर मराठी टायपिंग शिकले. २०१६ साली सर गेले.

अंकांच्या प्रती, लेखकांची हस्तलिखितं, पत्रं असं सगळं त्यांनी तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात गठ्ठे बांधून ठेवलं होतं. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात, तिथं पाणी ५७ फुटांवर गेलं. शहरातल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, तिथं एका मास्तरांच्या कपाटाचं काय घेऊन बसलात! पाणी ओसरल्यावर वहिनींनी कपाट उघडलं तेव्हा चौदा वर्षांचे अंक मिळून एकच करडी वीट झाली होती. पानं सुटी करायला गेलं की लगदा बोटाला लागायचा. लॅपटॉप मात्र तेव्हाही माळ्यावर होता. २०१२मध्येच बंद पडला होता आणि निरुपयोगी म्हणून वर टाकला होता, म्हणून वाचला. जपून ठेवलेलं गेलं आणि अडगळीतलं राहिलं.

तरीही तो उघडून पाहावा, असं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं एका म्हाताऱ्या बाईमुळं.

या बाई सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात निवडीचं काम करत. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे. मूळ शिराळ्याच्या डोंगरी भागातल्या. चांदोली धरणात गाव गेलं, तेव्हा खाली आल्या. लिहिता-वाचता येत नाही, पण गाणी रचायच्या. त्या "गाणी" म्हणत, सर "कविता" म्हणत. रविवारी दुपारी त्या सरांच्या ओट्यावर येऊन बसायच्या, म्हणायच्या आणि सर समोर बसून थेट लॅपटॉपवर टाइप करायचे. त्यांतल्या दोन-तीन रविवारी मीही तिथं होतो. यातली एक कविता माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. बाई विधवा. दिवसभर हळदीत हात, घासले तरी पिवळे ते पिवळेच. आणि आळीत चैत्राचं हळदीकुंकू निघालं की सगळ्या घरांना बोलावणं, या दाराला नाही. ज्यांच्या कपाळाला ती हळद लागते, त्यांच्यापेक्षा जास्त हळद माझ्या अंगाला आहे, असं काहीसं त्या कवितेत होतं. शब्द आठवत नव्हते. कवितेत शब्द आठवत नाहीत म्हणजे काहीच आठवत नाही.

गेल्या वर्षी त्या मला बाजारात भेटल्या. आता काम सुटलंय, डोळ्यांनी कमी दिसतं. म्हणाल्या, "भाऊ, सरांच्या त्या पेटीत माझी गाणी हायती न्हवं?" मी म्हटलं, "तुम्हालाच येत असतील की." त्या म्हणाल्या, "आता तोंडात येत न्हाईत. एक कडवं येतंय, दुसरं पळतंय. नातीला द्यायची हुती."

कागदावर ही गाणी कधी आलीच नव्हती. अंकात छापली तेवढी चार-पाच, आणि ते अंक पुरात गेलेले. म्हणजे जे काही होतं ते त्या पेटीत.

वहिनींकडं गेलो. पुण्याहून मुलगी आली होती, तिनं माळ्यावर चढून लॅपटॉप काढला. "चाचा, पासवर्ड कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. पुढं दुकानात कळलं की पासवर्डची गरजच नाही. हे मात्र सगळ्यांनी नीट ऐकावं असं आहे. लॅपटॉप सुरू करताना आपण जो पासवर्ड घालतो, तो जुन्या यंत्रांत फक्त समोरच्या दाराचं कुलूप असे. डिस्क बाहेर काढली की भिंतच काढून नेल्यासारखं. कुलूप दाराला लटकत राहतं आणि आतलं सगळं उघडं. म्हणजे भंगारात दिलेल्या प्रत्येक जुन्या लॅपटॉपबरोबर आपले फोटो, बँकेचे कागद, पत्रं, सगळं कुणाच्याही हाती जाऊ शकतं.

आणि म्हणूनच मला थोडा संकोच वाटला. गेलेल्या माणसाची डिस्क उघडायची म्हणजे त्याच्या कोटाचे खिसे तपासण्यासारखं. कवितांच्या नावाखाली आपण काय काय वाचणार? वहिनींनीच तो प्रश्न सोडवला. म्हणाल्या, "भावजी, अंकाचं जे असेल ते घ्या. ‘घर’ नावाचं काही दिसलं तर ते उघडू नका, ते तसंच मला आणून द्या." असं फोल्डर असणार हे त्यांना माहीत होतं, आणि ते होतंच.

पहिल्या दुकानात आम्हाला उभंही केलं नाही. "एवढा जुना? डेटा गेला समजा." दुसऱ्या दुकानातल्या पोरानं मात्र लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढून बाजूला ठेवली, खालच्या बाजूचे दोन बारीक स्क्रू काढले आणि एक झाकण उचललं. ड्रॉवर ओढावा तशी डिस्क सरकवून बाहेर काढली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "काका, ही आयडीई आहे. साटाचं केसिंग चालणार नाही."

केसिंग म्हणजे डिस्क बसवायची बाहेरची डबी. काही शे रुपयांना मिळते. आत एक छोटं सर्किट, एका बाजूला डिस्कला जोडायचा सांधा, दुसऱ्या बाजूला यूएसबीची वायर. डिस्क एक भाषा बोलते, यूएसबी दुसरी. मधलं सर्किट दुभाष्याचं काम करतं. पण डिस्कचा सांधा काळाप्रमाणे बदलत गेला आहे, आणि बहुतेक लोकांचं घोडं तिथंच अडतं. साधारण २००६-०७पर्यंतच्या लॅपटॉपमधल्या डिस्कला दोन ओळींत बारीक पिना असतात. ४४ पिनांची जोडणी, त्यातली एक जागा मुद्दाम रिकामी, वायर उलटी बसू नये म्हणून. शेजारी आणखी चार पिना असतात, त्यांवर वायर चढवायची नाही. ही आयडीई. त्यानंतरच्या डिस्कला पिना नाहीत, चपटी पट्टी असते. ती साटा. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये तर च्युइंगगमच्या पट्टीसारखी सपाट डिस्क येते, तिला तिसरंच केसिंग लागतं. तेव्हा केसिंग आधी घेऊन येऊ नये. डिस्क काढावी, ती घेऊन दुकानात जावं.

आमच्या डिस्कच्या पिनांवर प्लास्टिकची एक छोटी टोपी होती. लॅपटॉप बनवणारे आपल्या सोयीसाठी ती घालत. पोरानं ती हलक्या हातानं, दोन्ही कडांनी थोडी थोडी सरकवत काढली. पिना वाकल्या की खेळ संपला. मग केसिंगला जोडली, यूएसबी लावली. हिरवा दिवा लागला, पण डिस्क हलेना. मी वहिनींना काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात करायला लागलो. पोरगा म्हणाला, "भूक जास्त आहे हिची." जुन्या डिस्कला सुरू होताना एका यूएसबीतून मिळते त्यापेक्षा अधिक वीज लागते. त्यासाठी दोन तोंडं असलेली वायर असते. त्यानं दुसरं तोंडही संगणकाला लावलं. आधी काही नाही. मग दूरवर पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा बारीक घूंऽऽ आवाज आला. रेडिओवर तो मला ऐकवता आला असता तर बरं झालं असतं.

आवाज महत्त्वाचा असतो. सलग घुंई येत असेल तर डिस्क निरोगी. टक्-टक्-टक् असा ठोका येत असेल तर सुई आपली जागा शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही. अशा वेळी ताबडतोब वायर काढावी. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं तर उरलंसुरलंही जातं. ते काम मग तज्ज्ञांचं, आणि महागाचं. आणखी एक. कधी कधी पडद्यावर पाटी येते की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? इथं उत्तर एकच, नाही. यंत्र आपल्याला समजत नाही त्या पुस्तकाची पानं कोरी करू का, असं विचारत असतं.

त्या पोराची एक सवय मला फार आवडली. त्यानं काहीही उघडून पाहिलं नाही. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला लावली. मी म्हटलं, "आधी कविता आहेत का ते तर बघ." तो म्हणाला, "काका, बारा वर्षं झोपलेली डिस्क आहे. उठलीय तेवढ्यात सगळं मागून घ्यायचं. बघायचं नंतर." चाळीस जीबीची डिस्क, पाऊण तास लागला. सरांचं इतक्या वर्षांचं काम आज एका बोटभर पेन ड्राइव्हमध्ये मावून वर जागा उरते. हप्ते फेडताना त्यांना ती डिस्क केवढी मोठी वाटली होती!

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, हे आपल्यातल्या काहींना ठाऊक असेल. जमिनीत खोल खड्डे, तोंड बंद केलेलं, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ देतात, मगच माणूस उतरतो. त्या पोराला पेव माहीत होतं की नाही कोण जाणे, पण शिस्त तीच.

नक्कल झाली. सरांच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘अंक ०५’, ‘अंक ०६’ अशी ओळीनं फोल्डरं, एक ‘रविवार’ नावाचं, आणि एक ‘घर’. ‘घर’ तसंच बाजूला काढलं. ‘रविवार’ उघडलं. आत ३८ फाइली. प्रत्येकीवर तारीख. पहिलीच १४ ऑक्टोबर २००७, दुपारी ३ वाजून १० मिनिटं. कॅलेंडर काढून पाहिलं, रविवारच होता.

फाइल उघडली आणि पडद्यावर जे आलं ते पाहून मुलगी म्हणाली, "चाचा, हे बिघडलंय." डॉलरची खूण, उलटं प्रश्नचिन्ह, टोपी घातलेला इंग्रजी ए, मध्येच टक्क्याचं चिन्ह. एकही मराठी अक्षर नाही. ओळी मात्र कवितेच्या होत्या. लहान-मोठ्या, चार ओळींनंतर मोकळी जागा. आकार कवितेचा आणि अक्षर एक नाही.

बिघडलेलं काही नव्हतं. मराठी टायपिंगच्या इतिहासात जरा मागं जावं लागतं. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. तिथं ‘क’चा क्रमांक जगभर एकच. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागा आहेत आणि त्या १९९१पासून ठरलेल्या आहेत. पण आपल्या छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत आणि सरांसारख्यांच्या घरी त्यानंतरही कित्येक वर्षं चालत होते ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांतले जुने फॉन्ट. त्यांची युक्ती अशी की, संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे चढवायचा. प्रत्येक संचाचे मुखवटे वेगळे. मुखवटा काढला की खाली डॉलर आणि टक्के. आज महाराष्ट्रात कितीतरी लेखकांच्या, संस्थांच्या, वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली या मुखवट्यांच्या भरवशावर पडून आहेत. कागद भिजल्यावर निदान कळतं की तो भिजला. हे कळतसुद्धा नाही.

पण इथं आख्खी डिस्क घेतल्याचा उपयोग झाला. सरांनी ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं, तो फॉन्ट त्याच डिस्कवर, विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये होता. फक्त कवितांच्या फाइली उचलल्या असत्या तर तो मागंच राहिला असता. पोरानं तो उचलून आपल्या संगणकात टाकला, ओळी निवडून फॉन्ट बदलला, आणि डॉलरची ‘हळद’ झाली. मुलीनं तोंडावर हात ठेवला. मी चष्मा पुसला.

मग या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या, म्हणजे पुन्हा मुखवट्याची भीती नको. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात. ती काम करतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, तो जुन्या फॉन्टमध्ये शेवटी, युनिकोडमध्ये आधी. लहानपणी सकाळी मदरशात उजवीकडून आणि अकराला मराठी शाळेत डावीकडून वाचत वाढलेल्या मला हे उलटसुलट नवं नव्हतं. पण यंत्राचा मध्येच गोंधळ होतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

सगळ्यात जास्त मार खातो तो आपला मराठीचा खास ‘ऱ्य’. शिराळ्याच्या डोंगरावरच्या एका गाण्यात बाईंनी दऱ्या म्हटल्या होत्या. यंत्रानं ‘दर्या’ केला. एका रेघेनं डोंगराचा समुद्र झाला. आणि गंमत म्हणजे अर्थ लागत होता! नवा वाचणारा म्हणाला असता, वा, काय प्रतिमा आहे. म्हणून मी दोन पडदे शेजारी ठेवून, डावीकडं जुन्या फॉन्टमधलं आणि उजवीकडं युनिकोडमधलं, असं एकेक अक्षर ताडून पाहिलं. ३८ फाइलींना अकरा दिवस लागले.

आणि त्यात मला एक गोष्ट सापडली, जिच्यासाठी मी आज खरं तर बोलायला बसलो.

ती हळदीची कविता २००७च्या अंकात छापली होती. अंक पुरात गेले, पण साताऱ्याच्या एका वाचकाकडं एक प्रत निघाली. तीत कविता आहे. स्वच्छ, प्रमाण मराठीत, मात्रा नीट बसवलेली. "हातांवरची हळद निघत नाही" अशी सुरुवात. डिस्कवर त्या कवितेच्या दोन फाइली होत्या. एक छापली तशी. दुसरी त्याच रविवारची, बाई म्हणत गेल्या तशी सरांनी भराभर उतरवलेली. तिची सुरुवात, "हाताची हळद निघंना." पुढं एक कडवं होतं, जे छापील कवितेत नव्हतंच. त्यात हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या शेजारणीचं नाव घेऊन सरळ विचारलं होतं की, तुझ्या करंड्यातली हळद कुणी निवडली, ते ठाव हाय का? सरांनी ते काढून टाकलं होतं. का, ते समजण्यासारखं आहे. शेजारीण त्याच आळीतली होती आणि अंक आळीतही वाटला जायचा. सर भला माणूस होते, त्यांना भांडण नको होतं. भाषाही त्यांनी प्रेमानंच सुधारली. त्या काळी आम्ही सगळेच संपादक-मास्तर मंडळींच्या हाताखालून अशी सुधारून निघत होतो. माझ्या कवितेतला ‘अब्बा’ एका ठिकाणी ‘बाबा’ होऊन छापला गेला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

छापलेला अंक नीट राहिला असता तर ही पहिली फाइल शोधायला कुणी गेलं नसतं. पुस्तक करायचं ठरतं तर आम्ही अंकातूनच कविता घेतली असती. कागदावर निवडून-पाखडून झालेलंच उरतं. डिस्कवर गोदामाच्या जमिनीवरचा माल होता, मातीसकट.

प्रश्न उरला, पुस्तकात कोणती घ्यायची. वहिनींना वाटत होतं, सरांनी केलेली घ्यावी, कारण त्यांनी त्यावर मेहनत घेतली होती आणि ती छापली गेली आहे. मुलीचं म्हणणं, पहिली. मी ठरवायचं नाही असं ठरवलं. दोन्ही छापून बाईंकडं घेऊन गेलो. नातीनं वाचून दाखवल्या. आधी सरांची. बाई मान हलवत ऐकत होत्या, म्हणाल्या, "चांगलं लिवलंय." मग दुसरी. ती अर्ध्यात आली तसं नातीच्या बरोबर त्यांचेही ओठ हलायला लागले. शेजारणीच्या कडव्याला नात अडखळली. तिला सरांचं टायपिंग नीट लागेना. बाईंनी ते पुढं म्हटलं, न थांबता, शेवटपर्यंत.

मग म्हणाल्या, "ती बाई आता न्हाई. मागल्या सालीच गेली. शेवटाला मीच पाणी पाजत हुते तिला." थोडा वेळ गप्प राहिल्या. "नाव काढा तिचं. बाकी ऱ्हाऊ द्या."

तर नाव काढलं आहे, कडवं ठेवलं आहे. सरांची कवितासुद्धा पुस्तकात त्यांच्या नावानं, बाईंच्या कवितेवरून केलेली म्हणून, शेवटी येईल. वहिनींना ते पटलं.

‘घर’ फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर घालून वहिनींना दिलं. त्यांनी ते उघडलं की नाही, मी विचारलेलं नाही. ‘रविवार’च्या तीन नकला आहेत. एक माझ्याकडं, एक पुण्याला मुलीकडं, एक सांगलीतच पण नदीपासून लांब. तो जुना फॉन्टही तिन्ही ठिकाणी ठेवला आहे.

जाता जाता नव्या यंत्रांबद्दल एक शब्द. आम्हाला जे जमलं ते २००५च्या लॅपटॉपमुळं जमलं. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर आपोआप सांकेतिक करून ठेवलेला असतो. चोराच्या दृष्टीनं ते फार चांगलं. पण अशी डिस्क केसिंगमध्ये घातली तर ती ४८ आकड्यांची किल्ली मागते, आणि ती किल्ली नसेल तर दुकानातलं पोरगंही हात वर करतं. काही लॅपटॉपमध्ये तर डिस्क मदरबोर्डलाच डाग देऊन पक्की केलेली असते, बाहेर काढायची सोयच नाही. तेव्हा ज्यांच्याकडं असं काही आहे, त्यांनी ती किल्ली कागदावर लिहून घरच्या एखाद्या विश्वासू माणसाजवळ ठेवावी. त्या कागदाचं महत्त्व आता घराच्या उताऱ्याएवढंच आहे.

आमच्या कामातलं अजून थोडं शिल्लक आहे. ‘अंक ०९’ आणि ‘अंक १०’मधल्या सहा फाइली पेजमेकरमध्ये केलेल्या आहेत. त्या प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. आजचे बरेच छपाईचे प्रोग्रॅम त्या फाइली थेट उघडत नाहीत. त्यांत त्या सतार बनवणाऱ्या कारागिराचा लांबलचक लेख आहे, एवढं फाइलीच्या नावावरून कळतं. मिरजेच्या एका छापखान्यात एक जुना संगणक झाकून ठेवलेला आहे आणि त्यावर पेजमेकर अजून चालतं, असं ऐकलं आहे. मालकांशी बोलणं झालंय. पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन तिकडं जायचं आहे.